नवतप्यातला नाच

चैत्र लागला की नागपुरात प्रत्येक घरातला एक माणूस मूर्ख ठरतो. कूलर काढायचा दिवस असतो तो. गच्चीवर झाकून ठेवलेला लोखंडी पेटारा जिन्यातून खाली आणायचा, जाळ्यांतलं गेल्या साली काळं पडलेलं गवत उपसून नवं भरायचं, टाकी घासायची, पंप जोडायचा, आणि इतकं सगळं बरोबर करूनही पाणी कुठून तरी गळतंच. कुठून गळतं ते ज्याला सापडत नाही तो त्या घरचा कर्ता पुरुष. आमच्या घरी हे पद लग्नापासून माझ्याकडे बिनविरोध आहे. यंदा मी पंपाची नळी वरच्या पन्हळीत घालायची विसरलो. ती पंख्यासमोर लोंबत राहिली आणि मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. भिंतीवरच्या देवांपासून दिवाणावर पेपर वाचत बसलेल्या माझ्या बायकोपर्यंत सगळ्यांना सारखाच अभिषेक झाला.

मंगलानं चष्मा पुसला, पेपरची ओली घडी घातली आणि म्हणाली, "वाचून झालाच होता."

ती एवढंच बोलते. बोलण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे. एक उन्हाळा सोडला तर कायम माझ्याकडेच राहिलेलं.

नवं गवत पहिल्यांदा भिजलं की हॉलभर ओल्या लाकडाचा वास सुटतो. त्या वासानं कुणाला आंबे आठवतात, कुणाला परीक्षा संपल्याची दुपार. माझ्या तोंडात मात्र खिळा धरून ठेवल्यासारखी लोखंडी चव येते. पाण्याची बादली उचलताना डावा खांदाही कुरकुरतो. म्हणजे दरवर्षी मी नुसता कूलरच खाली आणत नाही. त्याच्याबरोबर तो उन्हाळाही जिना उतरून येतो आणि हॉलमध्ये खिडकीशी जागा धरून बसतो.

त्या साली मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कारखान्यात मला फारसं कुणी ओळखत नसेल, पण कंपनीच्या बसमध्ये मी बादशहा होतो. मी चढलो की मागच्या बाकावरून हाक यायची, "सांग ना गा, काल काय केलं?" आणि मी सांगायचो. माझ्याकडे माल भरपूर होता, कारण सगळा माझाच. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना त्यांचाच ड्रायव्हर समजून मी टपरीवर बसवलं होतं, चहा पाजला होता आणि वर स्वतःच्या हातानं खर्रा घोटून दिला होता. साहेबांनी तो खाल्ला, हा त्या किश्शाचा कळस. हा किस्सा मी बसमध्ये इतक्यांदा सांगितला की पुढे पुढे लोक मागणी करून ऐकायचे.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून चोळलेला ऐवज. आमच्याकडे माणसं पन्नी चोळता चोळता बोलतात आणि बोलता बोलता चोळतात. त्यामुळे गालात गाठ निघाली तेव्हा हे कशानं झालं, असं मला कुणी विचारलं नाही. सगळ्या बसनं पाहिलेलं होतं.

होळीच्या आगेमागे ऑपरेशन झालं. डाव्या गालाचा आतला भाग काढला आणि तिथं छातीची कातडी लावली. छातीच्या कातडीला आपण गालात राहायला आलोय हे कळत नाही. तिनं आपला धर्म सोडला नाही. थोड्याच दिवसांत माझ्या तोंडात आतून केस उगवायला लागले. गालाला आतून दाढी आलेला माणूस आमच्या बसमध्ये कुणी पाहिला नसेल. केवढा किस्सा होता, आणि सांगायला तोंड नव्हतं.

बोलणं असं बंद झालं. थोडंफार उमटायचं, पण ते मंगलाशिवाय कुणाला कळत नसे. भेटायला येणाऱ्यांचा त्यात वेगळाच गोंधळ व्हायचा. माझं बोलणं गेलं होतं, ऐकणं शाबूत होतं. तरी लोक माझ्याशी हातवारे करून बोलायचे. शेजारच्या ठवरे काकू तर 'जेवलात का' हेसुद्धा बोटं तोंडाशी नेऊन विचारायच्या. नाकातून नळी घातलेल्या माणसाला.

मानेतल्या गाठी काढताना खांद्याची शीर दुखावते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डावा हात खांद्याच्या वर जाईना. त्यावर व्यायाम असा की भिंतीशी उभं राहायचं आणि बोटं कोळ्यासारखी वर वर चढवत न्यायची. मी दोन दिवस चढवली. तिसऱ्या दिवशी वरून पाल आली आणि आम्ही दोघंही आल्या वाटेनं परतलो. त्यानंतर भिंत तिची.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमनी एक दिवस माझा हात वर करून पाहिला, सोडला, आणि तो कसा पडतो तेही पाहिलं. मग मला काही न बोलता मंगलाला म्हणाल्या, "काकू, तुम्ही यांना घेऊन नाचाच्या वर्गाला जा."

"कशाच्या?"

"नाचाच्या. बाजूच्या धर्मशाळेत होतो संध्याकाळी. जोडीचा असतो. हात वर धरावाच लागतो."

"नवरा-बायकोचा नाच?" मंगलानं आवाज इतका खाली आणला की मलाही जेमतेम ऐकू आलं.

"व्यायाम समजा."

मंगलानं तो व्यायामच समजला. नणंदेला, ठवरे काकूंना, तिच्या रामटेकच्या माहेरी, सगळीकडे 'व्यायामाला जाऊन राहिलो' असंच कळवलं गेलं. मी खोडून काढायच्या अवस्थेत नव्हतो.

धर्मशाळेत बाहेरगावचे पेशंट राहत. खाली एक लांबोडका हॉल होता, दोन्ही टोकांना दोन दांडगे कूलर आणि मध्ये घासून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी. शिकवायला ग्लोरिया मॅडम यायच्या. रेल्वे कॉलनीत जन्मलेल्या, वडील इंजिन ड्रायव्हर, नवरा गार्ड. त्यांच्या लहानपणी कॉलनीत शनिवारी पियानो वाजायचा आणि बाया-माणसं जोडीनं नाचायची. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कापडी बूट. त्यांचंही कधीकाळी छातीचं ऑपरेशन झालं होतं. हे त्यांनी मंगलाला सांगितलं, आम्हा पुरुषांना नाही. दिसायला मडम, पण तोंड उघडलं की अस्सल नागपुरी.

वॉल्ट्झ नावाचा नाच होता. तीन ठोक्यांचा. पुरुषानं डावा पाय पुढे टाकायचा, बाईनं उजवा मागे घ्यायचा, असं करत चौकोनात फिरायचं. माझा उजवा हात मंगलाच्या पाठीवर, तिचा डावा माझ्या दंडावर, आणि माझा डावा तिच्या उजव्यात देऊन खांद्याइतका वर. एवढं ऐकूनच आमची जोडी एकमेकांपासून दोन फूट सरकली. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघांच्या मध्ये वीतभर जागा आहे. स्कूटरवर मंगला मागे एका अंगानं बसते आणि मला न धरता स्टेपनी धरते. तीस वर्षांत स्टेपनीचं कव्हर त्या जागी झिजलंय.

"जवळ या ना बाबा," ग्लोरिया मॅडम म्हणाल्या, "मधातून काय ट्रक न्यायचा आहे?"

आम्ही ट्रकऐवजी सायकल जाईल इतपत जवळ आलो. त्यांनी मोबाइलवर बाजा लावला, टाळी दिली, आणि पहिल्याच ठोक्याला मंगलाचा पाय माझ्या पायाला लागला. तिनं झटकन हात सोडले, वाकली, माझ्या पायाला बोटं लावून छातीला लावली.

"हे काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"पाय लागला," मंगला म्हणाली.

"लागणारच ना. नाचून राहिले तुम्ही."

पुन्हा सुरू. आता माझा पाय तिला लागला. हात सवयीनं खाली गेला, तेवढ्यात तिलाही आपलाच लागला असं वाटून ती वाकली, आणि आमची डोकी आपटली. नळी वाचली, हे नशीब. कपाळ चोळत आजूबाजूला पाहिलं तर सगळ्या जोड्यांचं तेच. एक वाकतोय, एक उठतोय, कुणी पदर सावरून नमस्कार करतंय, कुणी नमस्कार करणारीला 'राहू दे, राहू दे' म्हणतंय. बाहेरून बघणाऱ्याला आत आरती चाललीय असं वाटलं असतं. मॅडम कंबरेवर हात ठेवून मध्ये उभ्या. बाजा आपला एकटाच वाजत होता.

"पाय लागला की पाप लागते का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पाप नाही," मंगला म्हणाली, "पण बरं नाही वाटत."

वाट काढली ती सिंधूबाईंनी. कुहीकडच्या एका खेड्यातल्या, धानाची शेती, छातीच्या आजारासाठी नवऱ्याबरोबर धर्मशाळेत मुक्कामाला होत्या. औषधांनी डोक्यावरचे केस गेलेले, त्यावर पदर घट्ट. नवरा डोमाजी, उंच, वाकडा, बांधावरच्या बाभळीसारखा. सिंधूबाई म्हणाल्या, "मॅडम, असं करू. सुरवातीलेच एकडाव करून घेऊ. मंग किती का लागेना."

"आगाऊच?" डोमाजींनी विचारलं.

"हौ, आगाऊ. तुमचे पाय काही मधात बदलत नाही."

"मंग आमी काय करावं? आमचा बी लागते."

"तर तुम्ही बी वाका."

"बायकोपुढं?"

"इथं कोण पाहून राहिलं जी? कुहीत नका वाकू."

डोमाजींनी जरा विचार केला आणि बायकोपुढं वाकले, पेरणीआधी जमिनीपुढं वाकतात तसे. ग्लोरिया मॅडम बघत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या कॉलनीतही नाचाआधी माणूस असाच झुकायचा आणि बाई गुडघ्यात वाकायची. "मला वाटे ते विलायतेहून आलं आहे," त्या म्हणाल्या, "बहुतेक तिकडेही पाय लागत असतील." त्या दिवसापासून वर्गाची सुरुवात आगाऊ नमस्कारानं व्हायला लागली, आणि पुढं पायांना मोकळीक.

सिंधूबाई वर्गात सगळ्यांच्या पुढे गेल्या. बाकीच्या बायका मागे पाय टाकताना वळून पाहत. भिंत आली का, कूलर आला का. सिंधूबाई बघतच नसत. मॅडमनी विचारलं तर म्हणाल्या, "धानाची रोवणी मागं मागं चालतच करा लागते जी. जलमभर मागंच चालली मी. चिखलात. इथं तर फरशी आहे."

माझं दुखणं दुसरंच होतं. पुरुषानं न्यायचं असतं. मी आयुष्यभर माणसं बोलून नेली. थांब, इकडून, अगं तिकडून नाही, असं म्हटल्याशिवाय मला मंगलाला रस्ता ओलांडून नेता आलेलं नाही. आता तोंडात काही नाही. मी भुवयांनी सांगून पाहिलं. तिनं विचारलं, "दुखून राहिलं का?" मग मी जोर लावून पाहिला.

"धक्का नका मारू," मॅडम मागून म्हणाल्या, "ती आलमारी आहे का? विचारा तिला."

विचारा. बोलता न येणाऱ्या माणसाला. मी त्यांच्याकडे पाहिलं असणार, कारण त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं वजन आधी हलवा. पाय नंतर. तिला समजते."

आणि तिला समजायचं. हे मला अजून नीटसं उलगडलेलं नाही. मी पुढे जायच्या बेतात असलो की पाऊल उचलण्याआधीच तिची पाठ माझ्या तळहाताखाली जरा हलायची. माझा डावा हात तर वर राहतच नव्हता. मंगला तो आपल्या तळव्यावर, ओला पापड उचलून न्यावा तसा अलगद पेलून धरायची. बघणाऱ्याला वाटावं हा गृहस्थ बाईला नेतोय. खरं तर माझा हात ती वाहत होती आणि वरून मी विचारतोय असा आव.

घरीही सराव चालायचा. दिवाण भिंतीला लावायचा, दार लोटून घ्यायचं, गच्चीवर तिच्या कुरडया वाळत असायच्या आणि खाली आम्ही. बाजा लावायची गरज नसे. कूलरच्या घरघरीत पाण्याचा एक थेंब ठरावीक वेळानं टपकायचा, मीच बसवलेला कूलर होता, आणि त्या टपकण्यावर आमचे तीन ठोके बसायचे. माझ्या मूर्खपणाचा संसाराला झालेला बहुधा हा एकमेव उपयोग.

या नाचात एक गंमत असते. माणसं इतकी जवळ असतात की तोंडं दिसत नाहीत. ती तुमच्या खांद्यावरून भिंतीकडे बघते, तुम्ही तिच्या डोक्यावरून खिडकीकडे. मंगला त्या उन्हाळ्यात बोलायला लागली ती अशी, माझ्या उजव्या कानापाशी, भिंतीकडे बघत. लहानपणी रामटेकला गडाच्या पायऱ्यांवर माकडानं तिची चप्पल पळवली होती ती गोष्ट. मग एक दिवस, चालत्या नाचात, "मले संत्री आवडत नाही."

मी थांबलो. दर हिवाळ्यात मी टोपल्यांनी संत्री आणतो. तीस वर्षं आणली. संध्याकाळी सोलून, शिरा काढून, तिच्या हातावर फोडी ठेवल्या. मी पाठीवरच्या हातानं काय विचारलं कोण जाणे, पण तिला समजलं.

"तुम्ही सोलून देत होते ना," ती म्हणाली, "म्हणून खात होती."

एवढं बोलून तिनं पुढचा पाय मागे घेतला, म्हणजे मलाही निघावं लागलं.

सोमवार ते शुक्रवार दुपारी शेक असायचा. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात, जणू वाळूची पुरचुंडी गरम करून लावतायत. चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीचा मुखवटा केलेला असतो. तो तोंडावर चढवून टेबलाला खटाखट अडकवतात आणि मग सगळे खोलीबाहेर जातात. दार बंद होतं. आत फक्त यंत्र आणि मी, आणि मी हलायचं नाही. त्या दिवसांत माझ्या अंगाला अनेक हात लागत होते. शीर शोधणारे, गाठ चाचपणारे, टाके बघणारे. सगळे चांगले हात, पण सगळ्यांना माझ्या अंगातून काहीतरी हवं असायचं. संध्याकाळी धर्मशाळेत गेलं की एक हात असा लागायचा ज्याला काही शोधायचं नसे.

नाचानं आजार बरा होत नाही, हे सांगून टाकलेलं बरं. तो सुरीनं आणि शेकानं हटतो, हटला तर. खांदा थोडा सुटला, झोप लागायला लागली, इतकं म्हणता येईल. बाकी त्या तासाभरात मी पेशंट नसायचो, वाईट नाचणारा माणूस असायचो. माझ्या हिशेबी ही बढती होती.

मग नवतपा आला. रोहिणी नक्षत्रातले ते दिवस, जेव्हा नागपुरात दुपारी कुत्रीसुद्धा नाली सोडत नाहीत आणि माणसं खिशात कांदा ठेवून, तोंडाला दुपट्टा बांधून डाकूसारखी फिरतात. बाहेर तापलं तसं माझं तोंडही आतून तापलं. जीभ, टाळा, घसा, सगळीकडे फोड. थुंकी गिळायची म्हणजे पोह्यावरची जळजळीत तर्री उघड्या जखमेवर ओतायची. मंगला नळीतून वरणाचं पाणी, दूध सोडायची. रात्री मी बसून काढायचो. शेक अजून शिल्लक होता. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "काका, मधेच सोडू नका. सोडलं आणि आजार परत आला तर माझ्याकडे दुसरं काही नसेल." ते मला पाठ होतं. तरी त्या दुपारी मी दिवाणावर कूलरसमोर बसलो, बनियन आणि पायजम्यावर, आणि उठलो नाही.

"चला," मंगला म्हणाली, "गजूभाऊ येतच असन." गजूभाऊचा ऑटो रोज फाटकाशी लागायचा.

"नाही जात," मी म्हणालो. जे उमटलं ते शब्दांसारखं नव्हतं, पण तिला समजायचंच.

"आज?"

"आता नाहीच."

मला वाटलं ती रडेल, किंवा डॉक्टरांना फोन लावेल, माझ्या बहिणीला लावेल. मी त्या सगळ्याची उत्तरं मनात जुळवून ठेवली होती. ती आत गेली. पाच मिनिटं खुडबूड ऐकू आली. बाहेर आली तेव्हा खांद्याला पिशवी, गळ्यात दुपट्टा आणि पायात चप्पल. घरात चप्पल घालणारी बाई ती नव्हे. माझ्यासमोर उभी राहिली आणि नाचायला धरतात तसे दोन्ही हात वर केले.

मी विरघळलो. म्हटलं, मानलं हिनं. जाणार नाही हे कबूल झालं, आता जवळ घेऊन थोडं नाचायचंय, नाचू. उठलो. उजवा हात पाठीवर ठेवला, डावा तिनं नेहमीसारखा पेलला. मी वजन हलवायच्या आत तिचंच हललं. तिचा पाय पुढे आला, चप्पल माझ्या अंगठ्यावर पडली, वाकण्याबिकण्याचं नाव नाही, आणि मी मागे गेलो. मागे जाणं अंगवळणी पडलंच होतं, चौकोनाचा अर्धा भाग पुरुषालाही मागे जावं लागतं. फक्त या खेपेला तो अर्धा संपेना. एक-दोन-तीन, दिवाण मागे पडला. एक-दोन-तीन, कूलरचा वारा सुटला. उंबरठ्याशी तिनं माझा दंड जरासा दाबला, मी पाय उचलला, आणि आम्ही अंगणात.

नवतप्यात दुपारी दोनला अंगणातली फरशी काय असते ते अनवाणी पायांना विचारावं. वॉल्ट्झ हा संथ नाच आहे असं ग्लोरिया मॅडम सांगायच्या. आमचा झाला नाही. मी पावलं उचलत होतो की उड्या मारत होतो हे सांगणं कठीण, पण दिशा मात्र फाटकाचीच होती, कारण पुढच्या बाजूला मंगला होती. समोरच्या खिडकीत ठवरे काकू दिसल्या. जिचा तीस वर्षांत नवऱ्याच्या खांद्यावर हात पडला नव्हता ती बाई भर गल्लीत, भर दुपारी, बनियनवरच्या नवऱ्याला मिठीत घेऊन उलटा चालवत नेत होती. काकूंनी बोटं वर करून मला काहीतरी विचारलं. मी उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हतो.

ऑटोच्या दांडीला पाठ टेकली तेव्हा नाच थांबला. गजूभाऊनं मागे वळून आम्हाला पाहिलं.

"काकाजी," तो म्हणाला, "बसा ना आता. मले बी ऊन लागते."

बसलो. तळपाय दोन्ही हातांनी धरून बसलो. मंगला शेजारी बसली आणि तिनं दुपट्टा तोंडाला बांधला. दवाखान्याशी उतरताना पिशवीतून माझ्या चपला काढून खाली ठेवल्या, शर्ट दिला. उरलेला शेक पुरा झाला. रोज मी पुढे तोंड करून, चपला घालून गेलो.

पाऊस पडून गेल्यावर कधीतरी आवाज परत आला. तो आधीचा नाही. र जरा घसरतो, आणि तोंड पूर्ण उघडत नाही म्हणून किश्शाच्या कळसाला ओठाच्या कोपऱ्यातून हसावं लागतं. बसमधले म्हणायचे की त्यामुळे मी जास्त लबाड दिसतो. पुढे निवृत्त झालो. तपासण्या होत राहतात, अजून तरी काही निघालेलं नाही. वर्ग कधीतरी बंद पडला. ग्लोरिया मॅडम गुडघ्यांपायी लेकाकडे गेल्या.

डोमाजींचा फोन आला तो पुढच्या पावसाळ्यात. सिंधूबाई गेल्या होत्या.

"रोवणी पाहूनच गेली," डोमाजी म्हणाले, "बांधावर बसून राहे. बायांले तिथूनच सांगे, सरळ मागं या वं." मग, "त्याच्याआधी एकडाव आंगणात नाचलो बी आमी. पोराले वाटलं, बुढा-बुढी सटकले."

"नमस्कार केला आधी?" मी विचारलं.

"केला ना. दोघायनंबी."

आता हे सगळं कूलर पुसता पुसता आठवत बसलो होतो. भिंतीवरचे देव कोरडे करून झाले. नळी पन्हळीत घातली, बटण दाबलं, या वेळी पाणी जिथं पडायचं तिथं पडलं. मंगला ओल्या दिवाणाची चादर काढत होती. मी तिला कधी न विचारलेलं विचारलं.

"त्या दिवशी मी फाटकाशी थांबलोच असतो तर?"

"अनवाणी?" ती म्हणाली, "नवतप्यात?"

माझ्या चपला पिशवीत आधीच गेल्या होत्या, हे माझ्या ध्यानात यायला इतकी वर्षं लागली. पण मी हार मानणारा माणूस नाही.

"समज, थांबलो असतो. पाय भाजले तरी. तर तू काय केलं असतं?"

तिनं चादरीची दोन टोकं जुळवली आणि उरलेली दोन माझ्याकडे दिली.

"मंग मी बी काढली असती माझी चप्पल," ती म्हणाली.